शेवटच्या बाकावरचा हाडवैद्य

या, असे पुढे सरकून बसा. दारापाशी वारा लागतो, आणि माझा आवाजही आता पूर्वीसारखा लांब जात नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. आमच्या चर्चच्या अर्ध्या मंडळीला त्याने ताठ उभं केलं आणि अकरा वर्षं तो आमच्या देवळात सगळ्यांत मागच्या बाकावर एकटा बसला. गोष्ट फार लांब नाही, पण मला ती घाईने सांगता यायची नाही. पाठ टेकून ऐका.

इझेल टर्नबो त्याचं नाव. आमच्यात एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायची पद्धत, म्हणून ब्रदर इझेल.

आमच्या आयोवातल्या गावाच्या खालच्या अंगाला मिसिसिपी नदी आणि वरच्या अंगाला टेकडी. त्या टेकडीवर कायरोप्रॅक्टरांची शाळा होती. औषधाची बाटली नाही, चाकू नाही, नुसत्या हातांनी मणके जागेवर बसवायचे, एवढंच तिथे शिकवत. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं यायची. आमच्या काळ्या रंगाची मात्र नाही. आमच्यातल्या माणसाला तिथे झाडू घेऊनच आत जाता यायचं. इझेल झाडू घेऊन गेला आणि एकोणीस वर्षं राहिला.

त्या शाळेत एका लांबलचक खोलीत माणसांच्या पाठीचे कणे तारेत ओवून टांगलेले होते. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. वाकलेले, झिजलेले, दोन मणके एकमेकांना चिकटून गेलेले. दर शुक्रवारी इझेल ते मऊ फडक्याने पुसायचा. मला एकदा म्हणाला, "आर्लीथा, तिथे एक बाई आहे. आयुष्यभर पाण्याची बादली उजव्याच हाताने उचलत होती. मला कुणी सांगितलं नाही. पुसता पुसता बोटांना कळलं."

आणि दुसरं असं, की शिकाऊ मुलांना हात बसवायला कुणाची तरी पाठ लागायची. माणूस कमी पडला की हाक यायची, "इझेल, जरा आडवा हो रे!" हा फडकं बाजूला ठेवून टेबलावर पालथा. वरून मास्तर मुलाला समजावतायत, इथे दाब, इथे नको, आणि खाली तोंड करून इझेल ऐकतोय. चुकलेला हात किती दुखतो आणि बरोबर पडलेला हात कसा फुलासारखा लागतो, हे त्याला पुस्तकाने नाही शिकवलं, त्याच्याच पाठीने शिकवलं. हजारभर तरी हात झेलले असतील त्याने.

घरी त्याने कोठीच्या खोलीचं दार उतरवलं, दोन लाकडी तिवयांवर आडवं ठेवलं, तोंड घालायला गोल भोक कापलं आणि वर गोधडी पसरली. झालं टेबल. कारखान्यात ओझी उचलणारे, धोबीखान्यात दिवसभर वाकणाऱ्या बायका, खाटीकखान्यात खांद्यावर अर्धा अर्धा बैल वाहून नेणारे, सगळ्यांच्या कंबरा त्याच्या दारावर सरळ झाल्या. मी मंडळीत पियानो वाजवायचे. माझी मान धरायची, म्हणून मीही जायचे.

पण त्याच्याकडे परवाना नव्हता. त्या दिवसांत परवान्याशिवाय कुणाच्या पाठीला हात लावला तर तुरुंग. कोण कुठे बोलून जाईल, कोण कुणाला सांगेल! म्हणून मंडळीने न ठरवताच एक ठरवलं. जायचं ते शनिवारी दुपारी, मागच्या गल्लीने, हातात धुण्याची टोपली घेऊन. आणि एरवी त्याला ओळखायचं नाही. बाजारात दिसला तर बघायचं नाही, देवळात हात मिळवायचा नाही. जेवायला बोलवायचं नाही, कारण शेजारी विचारणार, हा कोण तुमचा? ओळख न दाखवणं हीच त्याची काळजी घेण्याची आमची रीत होती.

सुरुवातीला ती काळजीच होती. देवाला माहीत आहे, काळजीच होती. पण अकरा वर्षं एखाद्या माणसाकडे बघायचं नाही असं केलं, की पुढे पुढे तो खरंच दिसेनासा होतो.

त्याची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. लोक त्याच्या मागच्या पायरीवर झाकलेल्या ताटल्या ठेवून जात. मक्याचा पाव, शिजवलेली पालेभाजी, कधी केकचा तुकडा. कुणाची ताटली कुठली, हे त्याला कळायचं नाही. तो सगळ्या घासूनपुसून कठड्यावर ओळीने मांडून ठेवायचा, आणि ज्याने त्याने येऊन आपापली न्यायची. टेबलावर आपण पालथे पडलो, की त्याचे हात चालायचे आणि तोंडही. नदीला पाणी किती आलं, शाळेत कोण पोरगा आला, त्याच्या अंगणातल्या टोमॅटोला काय झालं. पंधरा मिनिटांत तो आठवड्याभराचं बोलून घ्यायचा. आपलं तोंड त्या भोकात, त्यामुळे आपण नुसतं हूं हूं करायचं. त्याला तेवढंही पुरायचं.

आता आमच्या पाळकांकडे येते. रेव्हरंड अमोस मॉब्ली. आठवड्याचे सहा दिवस नांगराचे फाळ ओतायच्या कारखान्यात मजुरी करायचे आणि रविवारी उपदेश. आणि काय उपदेश, मायबापहो! सुरुवात साध्या बोलण्याने व्हायची. कुणाला वाटावं, शेजारी कुंपणापाशी उभा राहून गप्पा मारतोय. मग हळूहळू वाक्यं लहान होत जायची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास असा ओढला जायचा, आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते कळायचंच नाही. त्यांना सूर लागला की मी पियानोवर तोच सूर धरायचे. ते एक ओळ गाऊन सांगणार, मंडळी उत्तर देणार, मी मधली जागा भरणार. "होय प्रभू!" "बोला, रेव्हरंड!" "सांगून टाका!" पुढच्या बाकावर मदर लुवेनिया. मंडळीत सर्वांत वडील. हातात पुठ्ठ्याचा पंखा, आणि पंख्याने ताल. पायाखालची फळी थरथरायची. मी आयुष्यात पुष्कळ संगीत ऐकलं, पण माणसाच्या गळ्यातून देवाचा शब्द असा गात निघताना ऐकण्यासारखं दुसरं काही नाही.

एके वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कारखान्यात साचा उचलताना रेव्हरंडच्या कमरेत असं काही भरलं, की चौघांनी उचलून घरी आणलं. दोन रविवार व्यासपीठ रिकामं. तिसऱ्या शनिवारी धुण्याची टोपली घेऊन त्यांची बायको पुढे आणि तिच्या खांद्यावर हात टाकून ते मागे, असे मागच्या गल्लीने इझेलकडे गेले. असे तीन शनिवार ते गेले. त्यानंतरच्या रविवारी रेव्हरंड व्यासपीठावर ताठ उभे!

त्या दिवशी त्यांनी जे केलं त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की प्रभूने मला उठवलं. इझेलचं नाव घ्यायचं नाही ही तर आपली रीतच. पण तोवर सूर लागला होता, आणि सुराच्या ओढीत शब्द पुढे गेले.

"नाही गोळी... हा!
नाही डॉक्टर... हा!
नाही लागला मला
माणसाचा हात!"

मी तिथे असा काही दणदणीत सूर धरला की अख्खी मंडळी उठून उभी राहिली. बायका रडल्या. मदर लुवेनियाचा पंखा हातातून उडाला. रेव्हरंडनी हात वर करून गात गात सांगितलं, की यापुढे या देहाला वैद्याचा उंबरा नाही. मी मान वळवून मागे पाहिलं. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी शेवटच्या बाकावर इझेल उभा होता आणि इतरांसारखाच म्हणत होता, "आमेन."

नदीपलीकडून लोक यायला लागले. देवळात खुर्च्या मागवाव्या लागल्या. ज्याला प्रभूने उठवलं त्याला बघायला.

जानेवारी गेला. पियानो व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, जरा खाली. माझ्या नजरेसमोर पाळकाचं तोंड नसतं, पाय असतात. फेब्रुवारीत मला पहिल्यांदा ऐकू आलं. रेव्हरंड व्यासपीठावर इकडून तिकडे चालायचे, आणि त्यांचा उजवा पाय टाचेवर पडून पुढे यायच्या ऐवजी सगळा तळवा एकदम पडायचा. थप. डावा नीट, उजवा थप. बुटाचं पुढचं टोक घासून पांढरं झालं होतं. मी मनात म्हटलं, दमले असतील.

पुढच्या शनिवारी दुपारी मी इझेलच्या स्वयंपाकघरात आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. रेव्हरंड आतच होते. मधलं दार तर टेबल झालेलं, त्यामुळे खोलीला नुसता पडदा. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"ही टाचणी टोचतेय का?" इझेलचा आवाज.

"टोच की."

"टोचलीय, रेव्हरंड. दोनदा."

मग इझेल अगदी हळू काहीतरी विचारता झाला, आणि रेव्हरंड चिडून म्हणाले, "लघवीचं काय विचारतोस? म्हातारा झालोय. वेळ लागतो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. तू पाठ बसव आणि मला जाऊ दे."

"नाही."

"म्हणजे?"

"मी हात लावणार नाही. उठून बसा."

"अरे, तीन महिन्यांपूर्वी तूच बसवलीस ना!"

"तेव्हा कंबर आखडली होती. आता दोन मणक्यांमधली गादी फुटलीय. फुटून आत नसेवर बसलीय. मी वरून दाबलं तर जो पाय उरलाय तोही जाईल. हे हाताचं काम नाही. हे चाकूचं काम आहे. इस्पितळात जा. आज जा."

"टेकडीवरचे तुझे मास्तर तर म्हणतात, सगळं हातांनी होतं."

"मास्तर म्हणतात. पण मी मास्तरांखाली पालथा पडून ऐकलंय, आणि काही पाठींपाशी त्यांचे हात कसे थांबतात तेही पाहिलंय."

रेव्हरंड हसले. पण ते हसू चांगलं नव्हतं. "इझेल, मी चारशे लोकांसमोर गाऊन सांगितलं, की वैद्याचा उंबरा नाही. नदीपलीकडून लोक येतात. माझ्या एका पाठीवर किती जणांचा विश्वास उभा आहे, तुला कल्पना आहे? ईस्टर होऊ दे. मग बघू."

"ईस्टरला अजून सात आठवडे आहेत. तुमच्याकडे सात दिवसही नाहीत."

"प्रभू..."

"हिज्कीया राजाचं काय?" इझेल मध्येच म्हणाला. त्याने पाळकाला मध्येच तोडलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "देवाने स्वतः सांगितलं की तुला बरं करतो, तरी अंजिराचा लेप लावायला लावलाच ना? लेप काय आपोआप जाऊन बसला? कुणीतरी हाताने लावला असेल."

"तू मला पवित्र शास्त्र शिकवतोस? फरशी पुसणारा?"

पडदा बाजूला झाला. रेव्हरंड माझ्याकडे न बघता बाहेर गेले. पायऱ्यांवरून उतरताना उजवा पाय वाजत गेला. इझेल स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर बसला. आपले हात त्याने टेबलावर असे ठेवले, जणू कुणाच्या तरी मालकीची वस्तू सांभाळायला दिलीय.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं, ब्रदर इझेल."

"मी कुणाला सांगू? इस्पितळात जाऊन सांगू, की झाडूवाला म्हणतो, गादी फुटलीय? विचारतील, तुला कसं कळलं. रविवारी त्यांचा पाय पाहूनच शंका आली होती, म्हणून त्यांच्या बायकोला सकाळीच सांगून पाहिलं. ती म्हणते, त्यांनी नवस केलाय, मी कोण मोडणारी."

"जातील हो ते स्वतःच. दुखलं की जातील."

"दुखायचं थांबलंय, आर्लीथा. तेच तर वाईट आहे."

मग त्याने विचारलं, "तुझी मान?" मी म्हटलं, आज राहू दे. आणि मी टोपली उचलून घरी गेले. मी जाऊन रेव्हरंडच्या बायकोशी बोलू शकले असते. मदर लुवेनियाला सांगू शकले असते. सांगितलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, की मी मागच्या गल्लीने जाते. म्हणून गप्प राहिले. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपदेशाआधी साक्षीची वेळ असते. ज्याला देवाने काही दिलं त्याने उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी त्याला आवाजाने धरून ठेवायचं. कुणी अडखळला तर "हळूहळू, बाळा!" कुणी रडला तर "येऊ दे, येऊ दे!" आमच्या मंडळीत कुणालाही एकट्याने बोलावं लागत नाही, हा आम्हांला मोठा अभिमान.

दोन साक्षी झाल्या. मग मागून बाक करकरला. इझेल उभा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मदर लुवेनियाने मागे वळून पाहिलं. "अगं बाई! मला वाटलं होतं, तो खुंट्यांबरोबरच आलाय देवळाला!" लोक हसले. प्रेमाने हसले. "बोल, ब्रदर, बोल!"

"मी इझेल टर्नबो," तो म्हणाला. सपाट आवाज, फडकं पिळल्यासारखा.

"होय, ब्रदर!"

"मी टेकडीवरच्या शाळेत फरशी पुसतो."

"धन्यवाद येशू!"

"माझ्याकडे परवाना नाही. मी माझ्या घरी तुमच्या पाठी बसवतो."

खरं तर इथे सगळ्यांची बोलती बंद व्हायला हवी होती. पण साक्षीला ज्या लयीत उत्तरं द्यायची, ती लय तोवर चालू झाली होती. आणि माझी बोटं! मायबापहो, मी ती मुद्दाम चालवली नाहीत. चौदाव्या वर्षापासून कुणी देवळात उभं राहून एक वाक्य बोललं की माझा हात खाली जातो. गेला. तो बोलला, मी सूर भरला. तो पुढचं बोलला, मी आणखी भरला.

"रेव्हरंडच्या कमरेला माझा हात लागला होता."

"हालेलूया!"

"आता त्यांचा पाय मरतोय."

"होय प्रभू!"

"त्यांना आज इस्पितळात न्या."

"सांगून टाक! सांगून टाक!"

पंखे हलत होते, टाळ्या पडत होत्या, आणि तो माणूस जीव तोडून जे सांगत होता त्यातला एक शब्दही कुणाच्या कानात शिरत नव्हता. त्याच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य आम्ही हवेतल्या हवेत झेलून गाणं करून टाकत होतो. त्याच्याइतका एकटा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या क्षणी चारशे माणसं त्याला साथ देत होती.

त्याने डोळे फिरवले आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही. शनिवारी मान वळव म्हणायचा ना, त्याच आवाजात म्हणाला, "आर्लीथा, हात उचल."

मी हात उचलले.

पियानो थांबल्याबरोबर टाळ्या विस्कटल्या. एकेक आवाज गळत गेला. शेवटी मदर लुवेनियाचा पंखा राहिला, मग तोही थांबला.

"रेव्हरंड," इझेल म्हणाला, "मी खोटं बोलत असेन तर मला हाकलून द्या. फक्त एक करा. पायांची बोटं वर उचला आणि टाचांवर चालत माझ्यापर्यंत या. लहान पोरं खेळताना चालतात तसं. एवढंच."

रेव्हरंड नाही म्हणू शकले असते. व्यासपीठ त्यांचं, मंडळी त्यांची. त्यांनी एक गाणं उचललं असतं तर मी मागोमाग वाजवलं असतं, आणि इझेल त्यात बुडून गेला असता. ते बराच वेळ त्या बुटाच्या घासलेल्या टोकाकडे बघत राहिले. मग व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेवर आले.

डाव्या पायाची बोटं उचलली गेली. उजव्या पायाची नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. गळ्याच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, आणि बूट जमिनीवर तसाच, जणू त्यात पायच नाही. एक पाऊल टाकलं. थप. दुसरं. तिसऱ्याला गुडघा वळला आणि त्यांनी बाकाची कड धरली. तो पाय इतके दिवस मला ऐकू येत होता, तसाच आता सगळ्यांना ऐकू आला.

"अमोस," मदर लुवेनिया म्हणाली. देवळात त्यांना नावाने हाक मारायचा हक्क फक्त तिचा. "अरे, मूर्खा. कोट घाल."

चौघं धावले. इझेलही मधल्या वाटेने पुढे आला होता, धरायला हात पुढे केले होते. पण डीकन लोक, म्हणजे मंडळीचे कारभारी, आधी पोचले, आणि त्या गर्दीत त्यांच्या खांद्यांच्या धक्क्याने त्याला बाजूला व्हावं लागलं. मी पाहिलं, तो हात तसेच पुढे धरून क्षणभर उभा राहिला. मग मागे गेला, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर पडला.

त्याच दुपारी इस्पितळात रेव्हरंडना शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं. डॉक्टरने फुटलेल्या गादीचे तुकडे काढले, आणि बायकोला सांगितलं, की अजून दोन दिवस गेले असते तर हा माणूस खुर्चीतून उठला नसता. त्याने असंही विचारलं म्हणे, "इतकं नेमकं कुणी ओळखलं?" ती म्हणाली, "मंडळीतल्या एकाने." नाव तिने सांगितलं नाही. जुनी सवय.

तुम्हांला वाटेल, पोलीस आले असतील. नाही आले. शाळेने काढलं असेल. नाही काढलं. कुणीही त्याची चुगली केली नाही, आमची मंडळी तशी नाही. झालं एवढंच, की शनिवारी कुणी गेलं नाही. गोष्ट मोठ्याने बोलली गेली होती. आता गल्लीत पाऊल टाकणारा प्रत्येक जण साक्षीदार ठरणार, असं काहींना वाटलं. काहींना वाटलं, त्याने पाळकाला चारचौघांत चालायला लावायला नको होतं. आणि पुष्कळांचं दुःख वेगळंच होतं. ज्या रविवारी आपण रडलो, उभे राहिलो, तो रविवार त्याने आपल्याकडून काढून घेतला, असं ते. कुणी कुणाशी काही बोललं नाही. ताटल्या थांबल्या. तोही देवळात यायचा थांबला.

मे महिन्यात रेव्हरंड परत व्यासपीठावर आले. पायाला पट्टी, हातात काठी. उपदेश सुरू झाला, हळूहळू चढला, सूर लागायच्या बेतात आला, आणि ते थांबले. मला हाताने खूण केली, वाजवू नकोस. आणि अगदी साध्या, कोरड्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हांला खोटं गाऊन दाखवलं. मला माणसाचा हात लागला होता. देवानेच तो पाठवला होता, आणि मी त्याला फरशी पुसणारा म्हणालो. ब्रदर इझेल टर्नबो, मला क्षमा कर." असं म्हणून त्यांनी मागे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. खुंट्यांवर कोट होते. बाक रिकामा होता.

ते दोनदा त्याच्या घरीही गेले. पहिल्या खेपेला तो कामावर होता. दुसऱ्या खेपेला दार उघडलं, दोघे ओसरीवर बसले, आणि रेव्हरंड सांगायचे, की इझेलने क्षमा वगैरे काही ऐकून घेतलं नाही, खाली वाकून त्यांची बोटं तपासली, आणि म्हणाला, "अंगठा जरा उचलतोय. चांगलं आहे." देवळात या म्हटलं तर मान हलवली. "तिथे मला बोलता येत नाही, रेव्हरंड. लोक फार प्रेमाने उत्तर देतात."

मी गेले जूनमध्ये. पुढच्या दाराने, टोपलीशिवाय. अकरा वर्षांत त्या घराचं पुढचं दार मी पाहिलंच नव्हतं. त्याला निळा रंग होता. मी म्हटलं, "ब्रदर इझेल, मान धरलीय." त्याने नुसती बोटं लावली आणि काढून घेतली.

"मान ठीक आहे तुझी."

"हो."

"मग बस."

बसले. टोमॅटोला फुलं आली होती. मला वाटलं, आता तो बोलेल, नदीचं, शाळेतल्या पोरांचं. पण मी समोर तोंड करून बसले होते, आणि मला वाटतं, समोरासमोर बोलायची त्याची सवयच गेली होती. आम्ही तासभर तसेच बसलो. निघताना तो म्हणाला, "पुन्हा ये, आर्लीथा." मी म्हटलं, येईन. उन्हाळ्यात देवळात लग्नं असतात, वाजवायला जावं लागतं. नाही गेले.

सप्टेंबरमध्ये शाळेची नोकरी सोडून तो आर्कान्सासला बहिणीकडे निघून गेला. कुणाला सांगून गेला नाही. कुणाला सांगणार? जानेवारीत बहिणीचं पत्र मंडळीच्या पत्त्यावर आलं, की भाऊ वारला, आणि त्याच्या कागदांत तुमच्या देवळाचा पत्ता होता म्हणून कळवते. पत्र येईपर्यंत पुरून सात आठवडे झाले होते. रेव्हरंडनी ते वाचून दाखवलं. ते उभ्यानेच वाचत होते, दोन्ही पायांवर.

झाली गोष्ट. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा घरच्यांची, आजाऱ्यांची, गेलेल्यांची नावं घेता. त्यांत एक नाव माझ्याकडून घाला. त्याच्या मागे कुणी नाही, आणि माझ्यानंतर आमच्या मंडळीत ते घेणारं फारसं कुणी उरणार नाही. इझेल टर्नबो. गाऊन म्हणू नका. साधं, त्याला ऐकू जाईल असं म्हणा.